स्लीपला टाकला की मरायचा : फोंड्यातल्या एका रिपेअर दुकानाबद्दल

घाईत असाल तर या दुकानात जाऊ नका. माणूस फोन उचलत नाही, दुपारी जेवायला शटर ओढतो ते चारच्या आत उघडत नाही, आणि ‘उद्या देतो’ म्हणाला तर तो उद्या कधी उजाडेल ते म्हाळसाच जाणे. एवढं असूनही माझा डेस्कटॉप परत बिघडला तर मी त्याच जिन्याने वर चढणार. का, ते जरा सविस्तर लिहिते. माझ्या मशीनला जे झालं होतं ते पुष्कळांच्या घरी होत असणार, आणि त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात नवा कॉम्प्युटर मारला जात असणार.

दुकान गोव्यात, फोंड्याच्या वरच्या बाजारात, पहिल्या माळ्यावर. पाटीवर ‘कॉम्प्युटर, प्रिंटर रिपेअर’ एवढंच. जिना अरुंद आहे, सीपीयू पोटाशी धरून आडवं चढावं लागतं. आत एक लांब टेबल, टेबल लॅम्प, आणि भिंतीवरच्या मांडणीत लोकांनी परत न नेलेली मशीनं. मालक तिशीतला मुलगा. मला पहिल्या भेटीपासून ‘काकी’ म्हणतो. खुर्ची एकच आहे आणि ती तो स्वतः उठून देतो.

माझं काम डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं, घरूनच, म्हार्दोळला. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, शाळांची हस्तलिखितं टाइप करून देणं, आणि कार्तिक लागला की देवळांच्या जत्रोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका नि नाटकांची हँडबिलं. घरात कोंकणी बोलणारी मंडळीसुद्धा इथे उत्सवाची पत्रिका मराठीतच छापून घेतात, त्यामुळे त्या दिवसांत मला श्वास घ्यायला उसंत नसते. पानं जुळवायचं पेजमेकर, डिझाइनचं कोरल, मराठी फाँटचं श्री-लिपी, श्री-लिपीचा यूएसबीला लावायचा डाँगल (ते चालू करायची किल्लीच), आणि गेल्या कित्येक वर्षांच्या पत्रिकांचे साचे, असा संसार त्या एका डब्यात आहे. एका वेळी चार समित्यांची कामं उघडी असतात. मध्येच कुकर लावायला उठायचं, मध्येच कोणीतरी ‘कीर्तनकारांचं नाव बदललं हं’ म्हणून दारात. म्हणून मी मशीन बंद करत नाही, स्लीपला टाकते. परत आल्यावर सगळ्या खिडक्या होत्या तशा पाहिजेत.

तेच व्हायचं थांबलं. स्लीपला टाकला की पंखा थांबायचा, स्क्रीन काळा, इथवर ठीक. पण परत येऊन बटन दाबलं की दोन सेकंदांत पासवर्डचा पडदा यायच्या ऐवजी मदरबोर्ड कंपनीचा लोगो, मग विंडोज मुळापासून सुरू. उघड्या फायली गेल्या. पेजमेकर तर असा प्रकार झाला की पुढच्या वेळी फाइल उघडताना कुरकुरतो. बरं, रोज होईल तर तेही नाही. कधी तासभर नीट झोपायचा आणि नीट उठायचा, की आपल्यालाच वाटावं काही झालंच नव्हतं.

आधी मी नेहमीच्या माणसाला घरी बोलावलं. नाव घेत नाही. त्याने खुर्चीवर बसायच्या आत निदान केलं : ‘विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारूया.’ फॉरमॅट म्हटलं की डीटीपीवाल्याच्या पोटात गोळा येतो. जुने फाँट, डाँगलचे ड्रायव्हर, प्रिंटरचे सेटिंग, हे सगळं परत बसवायला किती रात्री जातात ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मी नाही म्हटलं, तेव्हा निदान बदललं : ‘मग बोर्ड गेलाय. आणि तसंही विंडोज १० संपलं, नवीनच घ्या.’ विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरंच आहे, पण संपला म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेचे नेहमीचे अपडेट यायचे बंद झाले. त्या तारखेचा आणि मशीन झोपेत मरण्याचा काय संबंध? त्याला विचारलं तर म्हणाला, ‘असतंच ते.’

मग सीपीयू अॅक्टिव्हाच्या पायाशी ठेवून मी फोंडा गाठला.

या मुलाने स्क्रू ड्रायव्हरला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले, आणि मी या दुकानाला पैकीच्या पैकी देते ते त्या प्रश्नांसाठी. झोपल्यावर पुढची पॉवरची लाईट लुकलुकत राहते की पूर्ण जाते? बटन दाबल्यावर लोगो येतो की थेट पासवर्ड? झोपवताना यूएसबीला काय काय लावलेलं असतं? मोबाइल चार्जिंगला लावता का त्यावर? रात्री भिंतीवरचं बटन बंद करता का? आणि शेवटचा, जो मला तेव्हा अगदीच फालतू वाटला : पूर्वी कधी असं व्हायचं का, की मशीन उठायला खूप वेळ लागायचा, लोगोही दिसायचा, पण फायली मात्र जागेवर असायच्या?

हो, व्हायचं तसं. पावसाच्या सुरुवातीला होत होतं. मी म्हटलं होतं, मशीन जुनं झालं, सुस्तावलं. तो फक्त ‘हं’ म्हणाला आणि वायरी जोडायला लागला.

पहिल्यांदा त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज काय काय घडलं त्याची टिपणं ठेवतं, ती तिथे दिसतात. कोणीतरी सांगून मशीन बंद झालं असेल, मग ते माणसाने सांगितलेलं असो की एखाद्या प्रोग्रामने, तर १०७४ नंबरची नोंद असते आणि पाठोपाठ ६००६. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. होतं ते कर्नल-पॉवर ४२, म्हणजे मशीन झोपायला निघालं, आणि त्यानंतर थेट पुढच्या वेळी सुरू होतानाची ४१ नंबरची नोंद, म्हणजे आधीच्या वेळी नीट बंद न होता बंद पडलं. ४१ च्या आत त्याने आणखी एक ओळ दाखवली. बगचेक कोड शून्य. निळा पडदा येऊन विंडोज कोसळलं असतं आणि त्याची नोंद झाली असती तर तिथे आकडा असता. ‘काकी, याला कोणी बंद कर म्हणून सांगितलंच नाही. हा झोपतो बरोबर. झोपेत करंट तुटतो.’

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कळलं की आपण ज्याला ‘शटडाऊन होतो’ म्हणत होतो ते शटडाऊन नव्हतंच. फॉरमॅट मारून काय डोंबल होणार होतं?

तरी त्याने बाकीच्या वाटा बंद करून घेतल्या. कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी /ए’ टाइप केलं, त्यात एस३ उपलब्ध आहे असं आलं. एस३ म्हणजे नेहमीची झोप : प्रोसेसर, डिस्क, पंखे सगळं बंद, फक्त रॅमला थेंब थेंब वीज, कारण तुमच्या उघड्या खिडक्या त्या रॅममध्ये आहेत. (नव्या काही मशीनांवर एस३ दिसतच नाही, तिथे झोपेचा प्रकार वेगळा असतो. आणि डिस्प्लेचा ड्रायव्हर नीट बसलेला नसेल तरी स्लीप यादीतून गायब होतं. तुमचं तसं असेल तर पुढचं पुराण तुमच्यासाठी नाही.) पॉवर बटणाचं काम सेटिंगमध्ये ‘शट डाऊन’ केलेलं नाही ना, ते पाहिलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, सस्पेंड मोड एस३ वर आहे ना, तेही. मदरबोर्डावरचा बटन सेल काढून मोजला, तीन व्होल्टच्या बराच खाली होता, बदलला, आणि बदलताना स्वतःच म्हणाला की याने तुमचा आजार जाणार नाही, पण हा गेला की बायोसचे सेटिंग आणि घड्याळ विसरायला लागेल. रॅमच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या. हे सगळं माझ्यासमोर, आणि प्रत्येक पायरीला काय बघतोय ते सांगत. अर्धं मला कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

मग व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर. पॉवर सप्लायमधून, ज्याला हे लोक एसएमपीएस म्हणतात, मदरबोर्डाला २४ पिनांचा जाड कनेक्टर जातो. त्यातली नववी पिन, जांभळी वायर. कनेक्टर लावलेला असतानाच त्याने मागच्या बाजूने मीटरची टोकदार सळई त्या जांभळ्या वायरीशेजारी सरकवली, काळी सळई कॅबिनेटच्या पत्र्याला. मीटरवर ५.०७. ‘ही स्टँडबाय. तुम्ही मशीन बंद केलं तरी भिंतीवरचं बटन चालू आहे तोवर ही चालू. गावाचा राखणदार असतो ना, सगळे निजले की तो फिरतो, तसा.’ पाच व्होल्टला पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे ४.७५ च्या खाली जाता कामा नये.

मला म्हणाला, झोपवा. मी स्लीप दाबलं. पंखा थांबला, पुढची लाईट लुकलुकायला लागली आणि मीटर ४.८६ वर येऊन बसला. मिनिटभर आम्ही दोघे त्या आकड्याकडे बघत. काही नाही. मग त्याने खिशातला स्वतःचा मोबाइल काढून कॅबिनेटच्या मागच्या यूएसबीला लावला. ४.७२. ४.६. आणि लाईट गेली. लुकलुकणं बंद, मशीन थंड, आणि मीटर मात्र परत ५.०२ वर, जणू काही झालंच नाही. ओझं उतरलं ना! बटन दाबलं तर अर्थातच लोगो.

जागं असताना मशीन या जांभळ्या वायरीवर फारसं जगत नाही, मुख्य लाइनी असतात. झोपलं की त्या सगळ्या बंद होतात आणि रॅम, कीबोर्ड, माउस, नेटवर्कचा भाग, यूएसबीला लटकवलेलं जे काही असेल ते सगळं या एका वायरीवर येतं. स्वस्तातल्या सप्लायमध्ये ती लाइन दोनेक अँपियरची असते, आणि माझ्यात तर तेवढंही उरलं नव्हतं. ज्या दिवशी मुलीचा फोन त्यावर चार्जिंगला असायचा त्या दिवशी मशीन मरायचं, नसायचा त्या दिवशी तरायचं. ‘कधी होतं कधी नाही’चं गूढ ते एवढंच.

आता हाच भाग आधी का जातो? तर भिंतीवरचं बटन चालू आहे तोवर याला सुट्टी नाही, आणि मशीन बंद किंवा झोपलेलं असताना पंखाही फिरत नसतो, म्हणजे आतली ऊब आतच. त्या उबेत छोटे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्या, वर्षानुवर्षं सुकत जातात. मी पावसाला दोष द्यायला निघाले होते, कारण आमच्याकडे आषाढात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तर मशीनचं काय, पण तो म्हणाला दमटपणाने खाचा नि पिना गंजतात, कपॅसिटर मारते ती उष्णता. त्याने जुना सप्लाय उघडून दाखवला, एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं होतं. हे घरी करू नका. आत एक मोठा कपॅसिटर असतो, आपल्या २३० व्होल्टचे तिथे सव्वातीनशेच्या आसपास डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ भरलेला राहू शकतो.

मांडणीवरचा दुसरा सप्लाय जोडून त्याने मशीन संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं, मोबाइल, पेन ड्राइव्ह, सगळं लावून. मी तोवर बाजार करून, भाजीपाव खाऊन आले. उठलं, दोन सेकंदांत, पेजमेकरच्या फायलीसकट. मगच म्हणाला, नवा घ्या.

राहिला तो फालतू प्रश्न. विंडोजमध्ये डेस्कटॉपला हायब्रिड स्लीप म्हणून सोय असते. झोपताना सगळं रॅममध्ये तर राहतंच, शिवाय त्याची प्रत सी ड्राइव्हवर एका फाइलीत लिहून ठेवली जाते. मध्ये करंट गेला तर मशीन त्या फाइलीतून उठतं. वेळ लागतो, लोगो दिसतो, पण फायली परत मिळतात. म्हणजे पावसाच्या सुरुवातीला माझं मशीन ‘सुस्तावलं’ नव्हतं. ते तेव्हापासून झोपेत मरत होतं आणि ती फाइल त्याला वाचवत होती. मग मध्येच वाचायचं का थांबलं? त्याने कमांड देऊन पाहिलं तर हायबरनेशन, म्हणजे ती फाइल लिहून ठेवायची सोयच, बंद करून ठेवलेलं. आणि मला आठवलं, नेहमीच्या माणसाने चवथीच्या आधी येऊन ‘सी ड्राइव्ह साफ करून देतो, तीन जीबी मोकळी केली बघा’ म्हणून पैसे घेतले होते. विंडोज १० मध्ये ती फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते. माझी रॅम ८ जीबी. हिशेब जुळतो.

आता न्यायाने बोलायचं तर सप्लाय त्याने नाही बिघडवला. पण हायबरनेशन बंद केलं की हायब्रिड स्लीपही जातं हे न सांगता बंद करायचं, आणि नंतर त्याच मशीनला ‘बोर्ड गेला’ म्हणायचं, हे मला चालत नाही. तीन जीबी मोकळी करायला जुन्या पत्रिकांच्या टिफ फायली डीव्हीडीवर टाकल्या असत्या तरी झालं असतं.

खर्च : ४५० वॉटचा नावाजलेल्या कंपनीचा सप्लाय २,८५० रुपये, तीन वर्षांची वॉरंटी. सेल ५०. मजुरी ४००. नव्या कॉम्प्युटरचा जो आकडा मला आधी सांगितला होता तो इथे लिहीत नाही, उगाच बीपी वाढतं. मोठ्या वॉटचा घेऊ का विचारलं तर नको म्हणाला. ग्राफिक्स कार्ड नाही, कशाला? त्यापेक्षा सप्लायच्या डब्याच्या बाजूवर ‘५ व्हीएसबी’ समोर, म्हणजे त्याच जांभळ्या स्टँडबाय लाइनीसमोर, किती अँपियर लिहिलंय ते बघा. नव्यात अडीच आहे. ही ओळ दुकानदार कधी दाखवत नाहीत, वॉट दाखवतात.

घरी पाठवताना त्याने यूपीएसबद्दल बजावलं. काही यूपीएस बॅटरीवर असताना ओझं अगदीच कमी दिसलं की ‘कोणी वापरत नाहीये’ समजून स्वतःच बंद होतात, आणि झोपलेला कॉम्प्युटर चार-दोन वॉटच घेतो. म्हणजे लाईट गेली, यूपीएस बंद, मशीन मेलं, आणि आपण परत सप्लायला शिव्या घालणार. तपासायचं कसं, तर फायली सेव्ह करून मशीन झोपवायचं, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढायचा आणि थांबायचं. माझा यूपीएस थोड्या वेळाने खरंच गपकन बंद झाला. त्यावर उपाय त्याने आधीच करून ठेवला होता. हायबरनेशन परत चालू, हायब्रिड स्लीप चालू, आणि दोन तास झोपून राहिलं तर आपोआप हायबरनेट, म्हणजे सगळं त्या फाइलीत ठेवून पूर्ण बंद. त्यानंतर लाईट जाओ नाहीतर राहो. पावसाळ्यात रात्री लाईट जाते ती सकाळीच कळते, तेव्हा ज्यांच्याकडे यूपीएस आहे त्यांनीही हे सेटिंग करून घ्यावं.

तक्रारी आहेत. सगळं जोडताना पुढच्या हेडफोनची बारीक वायर बोर्डावर लावायची राहिली होती. घरी आल्यावर कळलं, फोन लागेना, शेवटी मुलीने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला आणि रात्री अकराला त्याचं उत्तर आलं, लाल गोल काढून. तिने लावली. बिल वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं, पण सप्लायचा सिरीयल नंबर आणि तारीख त्यावर आहे, खोकाही दिला, म्हणून मी काही बोलले नाही. जुना सप्लाय मागितला तर लगेच दिला, हे मी मुद्दाम पाहते. भाग बदललाच नाही आणि पैसे लावले असं होऊ नये.

गाडी दुकानाखाली लावायचा विचार सोडा. लांब लावून चालत यावं लागतं, तेव्हा सीपीयू उचलायला घरातलं कोणीतरी तरणंताठं सोबत न्या. पॉवर केबल, मॉनिटर, कीबोर्ड त्याच्याकडे आहेत, नेऊ नका. डाँगल आणि झोपवताना यूएसबीला जे जे लावता ते सगळं न्या. घरचा आजार दुकानात दाखवायचा तर तेच ओझं लागतं.

आणि प्रिंटर मात्र त्याला देऊ नका. पाटीवर लिहिलंय म्हणून मी माझा लेझर प्रिंटर नेऊन ठेवला, कागद दोन-दोन ओढत होता. ‘रोलर मागवतो काकी’ म्हणाला. जत्रा येऊन गेल्या, हँडबिलांचे प्रूफ मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून घेते, आणि प्रिंटर अजून त्याच्या मांडणीवर आहे.